शीटचा दर नंतर, आधी जोड ठरवा

तात्पुरता निवारा उभा करायचा म्हटलं की आमच्या दुकानात येणारा माणूस पहिल्यांदा शीटचा दर विचारतो. पत्रा किती गेजचा, सनपॅक, म्हणजे पाट्यांची ती पोकळ प्लॅस्टिक शीट, किती एमएमचं, जुनं फ्लेक्स मिळेल का. दोन शीट एकमेकींना कशा धरणार, हे कुणी विचारत नाही. आणि पावसाळ्यात गळतं ते तिथंच, वाऱ्यानं उचकटतं तेही तिथंच. शीट मधोमध फाटलेली मी क्वचित पाहिलीय. कडेला, भोकाशी, दोन शीट भेटतात त्या रेघेवर मात्र दर पावसाळ्यात काहीतरी झालेलं असतं.

आमचा धंदा बोर्ड आणि फ्लेक्सचा, कोल्हापूरच्या शाहूपुरीत. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फलक, मंडळांच्या कमानी. फ्रेम उद्यमनगरातून तात्या करून देतात, ते आमचे जुने फॅब्रिकेटर. निवारे बांधणं हे आमचं काम नव्हतं. २०१९ च्या महापुरानंतर ते आमच्याकडे आलं, कारण सनपॅक, जुनं फ्लेक्स आणि लोखंडी चौकट या तिन्ही गोष्टी माहीत असलेली माणसं आमच्याकडे होती.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आणि वाहतूक बंद. चिखली, आंबेवाडी, तिकडं शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, या गावांना आता जून उजाडला की डोळे नदीकडंच असतात. माणसांची सोय शाळेत, मंगल कार्यालयात होते. म्हशींची होत नाही. म्हशी उंचवट्यावर, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी माळावर बांधतात, आणि म्हशीला सोडून घरातलं एक माणूस तरी हलत नाही. त्या माणसाला आणि त्या जनावरांना आठ-दहा दिवस कोरडं ठेवायचं, हा एक निवारा. पूर ओसरल्यावर घराच्या भिंती ओल्या, आत गाळ, अशा वेळी अंगणात दोन-तीन महिने काढायचे, हा दुसरा. पहिला घाईत उभा राहिला पाहिजे, दुसरा टिकला पाहिजे. दोन्हींत पैसे कमी असतात आणि दोन्हींत जोडच निर्णायक ठरतो.

मला जे कळलंय ते असं. जोडानं पाणी अडवायचं नसतं, पाण्याला पुढची वाट दाखवायची असते. जुन्या कौलारू घराच्या छपरात चिकटवलेलं असं काहीच नसतं. कौलावर कौल चढलेलं असतं आणि उतार असतो, एवढंच. पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर पडतं, तिथून वळचणीला येतं आणि पागोळ्या होऊन अंगणात गळतं. आत शिरायला त्याला उलटं चढावं लागेल. सिलिकॉन, टेप, डांबर, एमसील हे सगळं या रचनेच्या नंतर येतं. रचना चुकीची असेल तर वरून कितीही लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, एका उन्हाळ्यात ती तडकते आणि पुढच्या पावसात गळती सुरू होते.

म्हणून शीट नेहमी खालून वर लावत जायची. वळचणीची ओळ आधी, तिच्यावर वरची ओळ चढवायची. वरची शीट खालचीवर निदान सहा इंच आली पाहिजे, उतार कमी असेल तर नऊ इंच. उतार पाच फुटांना एक फूट तरी द्याच. पन्हाळी पत्रा असेल तर बाजूच्या जोडाला दीड वळी, म्हणजे पत्र्याच्या दीड लाटा, एकमेकींवर चढवायची. एकाच वळीवर भागवलं की पत्रा वाचतो, पण वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत येतो.

बाजूच्या जोडाला आणखी एक गोष्ट आहे, ती मला तात्यांनी शिकवली. मी एकदा विचारलं, "तात्या, तुम्ही कायम पूर्वेच्या टोकाकडनंच का सुरुवात करता?"

"वैनी, आपला पाऊस कुठनं येतोय?"

"पश्चिमेकडनं."

"मग पत्र्याचं तोंड पश्चिमेला उघडं ठेवून कसं चालंल? पूर्वेकडनं सुरू केलं की पश्चिमेचा पत्रा दरवेळी वर येतोय. उघडी कड वाऱ्याकडं पाठ करून बसती."

कागदावर काढून बघा, लगेच पटेल. यात एक पैसा जास्त लागत नाही, फक्त पहिला पत्रा योग्य टोकाला ठेवायचा असतो.

स्क्रू वळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. स्क्रूखाली रबरी वायसर हवाच. तो हलकासा दबेपर्यंतच आवळायचा. पोरं ड्रिल मशीन हातात आली की स्क्रू पत्र्यात रुतेपर्यंत फिरवतात, मग वायसर बाहेर फुगतो आणि पत्र्याला खळगा पडतो. त्या खळग्यात पाणी साचून थेट भोकात उतरतं. मी साइटवर असले की हे एकच काम करते: मशीनचा क्लच कमी ठेवायला लावते.

आता वारा. छप्पर वाऱ्यानं वरून दाबलं जातं असं पुष्कळांना वाटतं, म्हणून ते वर दगड ठेवतात, टायर ठेवतात. खरं तर वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि भिंत उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतोही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा असेल, तर चौरस मीटरला साधारण २४० न्यूटन दाब होतो. चार बाय आठ फुटांच्या एका शीटला हिशोब लावला तर सत्तरेक किलो. अंगानं धष्टपुष्ट एक माणूस त्या शीटला खालून उचलतोय असं समजा. मधल्या भागापेक्षा कडा आणि कोपरे यांच्यावर ओढ जास्त येते. म्हणून स्क्रू सगळीकडं सारख्या अंतरावर मारू नयेत. वळचणीच्या ओळीत, आढ्यापाशी आणि चारी कोपऱ्यांत ते दाट मारावेत. आणि हे सगळं ज्या चौकटीला धरलंय ती चौकट जमिनीत पक्की असेल तरच उपयोग. चौकट रोवायचं काम तात्या बघतात, त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही.

पत्र्याचं इतकं पुरे. माझा खरा जीव सनपॅकमध्ये आहे, कारण गरीब माणसाला परवडतं ते हे आणि वजनाला इतकं हलकं की दोन बायका एक भिंत उचलून नेऊ शकतात. सनपॅक म्हणजे पोकळ नळ्यांची पॉलिप्रॉपिलीनची शीट, ज्यावर उमेदवारांचे फोटो छापतात. पावसानं तिचं काही बिघडत नाही. पण तिचे तीन स्वभाव जोड करण्याआधी समजून घ्यावे लागतात.

एक, तिला गोंद धरत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग असा असतो की बहुतेक चिकट पदार्थ त्यावर पसरतच नाहीत. टेप लावताना छान बसते, पण ऊन-पावसाच्या पाच-सहा फेऱ्यांत कडेनं सुटायला लागते. जुलैत तर हवाच इतकी दमट की शीट पुसून कोरडी म्हणेपर्यंत परत ओलावा धरते.

दोन, ती उन्हानं भरपूर वाढते. आठ फुटांची शीट तीस अंशांच्या फरकानं सात-आठ मिलिमीटर लांब होते. लोखंड तेवढ्याच लांबीला एक मिलिमीटरही हलत नाही. मग लोखंडी चौकटीला सनपॅक ठिकठिकाणी गच्च आवळलं तर दुपारी शीटला पोट येतं आणि संध्याकाळी भोकाशी ताण पडतो. रोज हे होत राहिलं की भोकापासून चीर जाते. उपाय सोपा आहे. भोक बोल्टपेक्षा चांगलं मोठं पाडायचं आणि वर रुंद वायसर टाकायचा. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रुपयाएवढे तुकडे कापून आम्ही वापरतो, फुकट पडतात आणि लोखंडी वायसरपेक्षा छान बसतात.

तीन, स्क्रूचं डोकं तिच्यातून ओढून बाहेर येतं. वारा शीटला खेचतो तेव्हा शीट मोडत नाही, स्क्रू जागेवर राहतो आणि शीट त्याच्यावरून निघून जाते. म्हणून नुसत्या शीटवर शीट ठेवून स्क्रू मारलेला जोड मी कुणाला करू देत नाही.

आमचा जोड असा असतो. दोन शीटच्या कडा चार इंच एकमेकींवर चढवायच्या. आतून बांबूची एक कामटी, म्हणजे चिरलेली पट्टी, बाहेरून एक कामटी, मध्ये दोन्ही शीट. दर फुटावर आरपार भोक पाडायचं आणि जीआय (जस्त चढवलेल्या) तारेनं किंवा बोल्टनं दोन्ही कामट्या आवळायच्या. मग ओढ एका स्क्रूवर येत नाही, सगळ्या कामटीभर पसरते. बाहेरची कामटी गोलसर बाजू वर करून लावायची, म्हणजे तिच्यावर पाणी थांबत नाही. लोखंडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरली तरी चालते. बोर्डाच्या फ्रेमिंगमधले उरलेले तुकडे आमच्याकडं पडलेले असतातच, पण गावाकडं कामटी पटकन मिळते आणि मोडली तर तिथंच बदलता येते.

शीटमधल्या नळ्या उभ्या ठेवायच्या, आडव्या नाही. नळ्या आडव्या राहिल्या की त्यांत पाणी शिरून साचतं, शेवाळ धरतं, शीट जड होते. उभ्या नळ्यांचं वरचं तोंड झाकायचं, खालचं मोकळं सोडायचं.

इथं मला षटकोनी युर्टबद्दल, म्हणजे एका तंबूवजा निवाऱ्याबद्दल, लिहायचंय, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून पुष्कळ तरुण पोरं ते डोक्यात घेऊन येतात. विनय गुप्ता या डिझायनरनं २००२ च्या सुमारास हेक्सायुर्ट नावाचा निवारा आखला आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. फार हुशारीची रचना आहे. चार बाय आठच्या बारा शीट. सहा आडव्या उभ्या करून भिंती, उरलेल्या सहा कर्णावर कापून दोन-दोन तुकडे जोडायचे की छपराचे सहा त्रिकोण तयार. आत १६६ चौरस फूट जागा, मधोमध उंची आठ फूट. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर जागा असावी असा स्फिअर या मदतकार्याच्या मानकांचा जगभर मानला जाणारा दंडक आहे, त्या हिशोबानं चार माणसं नीट मावतात. शीट वाया जवळपास जात नाही. मी त्या माणसाला मनापासून मानते.

पण त्याचे जोड टेपचे आहेत. आत धागे असलेली मजबूत टेप, आणि ती लावायची चकचकीत फॉइल लावलेल्या इन्सुलेशन बोर्डावर. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅनच्या मेळ्याला लोक तेच उभारतात, आणि तिथं ते चालतं, कारण फॉइलला टेप धरते आणि प्रश्न धुळीचा आणि उन्हाचा असतो. आपल्याकडं सनपॅकवर तीच टेप लावली की वर सांगितलेला पहिला स्वभाव आडवा येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या छपराचे सगळे जोड कडेला कड लावलेले आहेत, शीटवर शीट कुठंच चढत नाही. सहा त्रिकोणांच्या पोटातल्या, दोन तुकडे जुळतात त्या सहा रेघा आठ-आठ फुटांच्या, त्रिकोण एकमेकांना भेटतात त्या सहा रेघा जवळपास नऊ-नऊ फुटांच्या. म्हणजे नुसत्या छपरावर शंभर फुटांहून जास्त जोड, आणि प्रत्येक फुटाला पाणी अडवायची जबाबदारी एकट्या टेपवर. जुलैत पन्हाळ्याच्या बाजूनं आलेली सर त्या शंभर फुटांपैकी एक इंच शोधून काढतेच.

तरी एका कॉलेजच्या पोरांना ते करायचंच होतं, आणि त्यांची तळमळ खरी होती. आम्ही मिळून भिंती तशाच षटकोनी ठेवल्या आणि छपराच्या सगळ्या रेघांवर जुन्या फ्लेक्सच्या फूटभर रुंद पट्ट्या चढवल्या. मधल्या सहा आधी, त्यांच्यावर कडेच्या सहा, आणि सगळ्यात वर शेंड्याला फ्लेक्सची टोपी. खालून वर, कौलासारखंच. पट्ट्यांच्या दोन्ही कडांना कामटीचा जोड. कोरडं राहिलं. पण त्यात जेवढं फ्लेक्स आणि कामट्या गेल्या, तेवढ्यात एकाच उताराचं साधं छप्पर असलेला याहून मोठा निवारा झाला असता. पूर्ण लांबीची शीट मिळाली तर एका उताराच्या छपरात आडवा जोड एकही येत नाही, सगळे जोड उताराच्या दिशेनं धावतात. पुरात सापडलेल्या माणसासाठी मी तेच सुचवते.

फ्लेक्सचं मात्र कौतुक केलं पाहिजे. वाढदिवस संपला की खाली उतरतं आणि गोठ्यावर चढतं. फ्लेक्सला फ्लेक्स जोडायचं तर गरम हवेच्या गनीनं दोन इंच चढवून दाबलं की एकजीव होतं, तो जोड शीटइतकाच पक्का. सनपॅकला फ्लेक्स मात्र चिकटत नाही, दोन्ही प्लॅस्टिक वेगवेगळ्या जातीची. तिथं कामटीच हवी. कोपऱ्यावर, जिथं दोन भिंती काटकोनात भेटतात, तिथं आम्ही फ्लेक्सची पट्टी बिजागरीसारखी लावतो. सहा इंच पट्टी, मधोमध दुमडलेली, अर्धी या भिंतीवर अर्धी त्या भिंतीवर, दोन्हीकडं कामटी. कोपऱ्यात फट राहत नाही, आणि भिंती पुस्तकाच्या पानांसारख्या मिटून टेम्पोत ठेवता येतात. आढ्यावर दोन फूट रुंद पट्टी, दोन्ही बाजूंना एक-एक फूट उतरलेली, कडेला आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोकून दोरीनं खाली चौकटीला बांधलेली.

दोरीवरून आठवलं. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू, पाचट, वरून प्लॅस्टिक. कोपी वाऱ्यात हलते, पण मोडत नाही. एका कोपीतल्या मावशींना मी बांधणी दाखवायला सांगितली. त्यांच्या बांबूंच्या तिढ्यात खिळा एकही नव्हता. सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापलेली, ती ताणून ताणून गुंडाळायची आणि शेवटचं टोक आतल्या वेढ्यात खुपसायचं. "खिळ्यानं बांबू फुटतो बाई," त्या म्हणाल्या, "आन् रबर सैल पडत नाही." बांबूला खिळा मारला की तो लांबीत चिरतोच. ताणलेलं रबर मात्र बांबू वाळून बारीक झाला तरी त्याच्याबरोबर आवळत जातं. त्या दिवसापासून आमच्या चौकटीत बांबूला बांबू जिथं भेटतो तिथं ट्यूबची पट्टीच असते. सायकल दुकानदार जुन्या ट्यूब देऊन टाकतात.

भिंतीची शीट जमिनीपर्यंत नेऊ नका. खाली चार इंच मोकळं सोडा आणि तिथं फ्लेक्सची झालर सोडा, म्हणजे चिखल उडून शीट बरबटत नाही आणि हवा खेळते. वळचणीखालीही वीतभर फट हवी. म्हशीच्या श्वासानं आणि ओल्या कपड्यांनी आत इतकी वाफ होते की छपराला आतून पाणी सुटतं आणि लोक त्यालाच गळती समजतात. आणि कळकळीनं सांगते, चूल बाहेर ठेवा. सनपॅक आणि फ्लेक्स दोन्ही पेटतात, आणि वितळून खाली अंगावर गळतात. हे सांगितल्याशिवाय मी एकही शीट विकत नाही.

मदत म्हणून आलेले काही निवारे मी शिरोळकडं पाहिले. शीट उत्तम होत्या, आमच्यापेक्षा महाग. जोड मात्र सगळे रिव्हेटचे आणि सिलिकॉनचे. पाणी ओसरलं, घरं वाळली, आणि निवारे काढायची वेळ आली तेव्हा रिव्हेट ड्रिलनं उडवावे लागले, शीटच्या कडा फाटल्या, आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा उभ्या राहण्यासारख्या उरल्या नाहीत. तिथल्या एका घरच्या आक्का मला म्हणाल्या, "दिलं त्यांनी मनापासनं, पण परत बांधायचं कसं ते सांगितलं न्हाई." आपल्याकडं पूर एकदाच येऊन जात नाही. २००५, २०१९, २०२१. निवारा मिटवून माळ्यावर ठेवता आला पाहिजे आणि पुढच्या जुलैत घरातल्याच माणसांनी तो उभा केला पाहिजे, त्यांना आमची वाट बघायला लागू नये. म्हणून आमच्या जोडात रिव्हेट नाही आणि चिकटवणं नाही. बोल्ट, तार, ट्यूबची पट्टी, दोरी, एवढंच. एक पक्कड आणि एक पाना पुरतो.

आता निवारा उकलून ठेवतानाचं. प्रत्येक शीटवर आतल्या बाजूनं पेंटनं आकडा घाला, आणि जोडाच्या दोन्ही कडांवर एकच अक्षर: क ला क, ख ला ख. अक्षर वर कुठल्या बाजूला येतं त्यावरून शीट उलटी लागली का तेही कळतं. कामट्या ज्या जोडाच्या त्याच जोडाला परत लागतात, कारण भोकं हातानं पाडलेली असतात आणि एकीची दुसरीला जुळत नाहीत. म्हणून त्यांच्यावरही तेच अक्षर. शीट ठेवताना आडव्या पसरून ठेवा, भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर बाक येतो. उंदीर फ्लेक्स कुरतडतात, तेव्हा फ्लेक्स वेगळं गुंडाळून वाशाला टांगा. आणि बोल्ट, वायसर, ट्यूबच्या पट्ट्या, पक्कड, पाना हे सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी एक नंबरच्या शीटच्या भोकातून तारेनं बांधून टाका. ट्यूबच्या पट्ट्या दर मे महिन्यात ताणून बघायच्या. चिरा दिसल्या की बदलायच्या.